मनीचं वय

१२ मे

बाईंनी आज मला मुलांचं टेबल दिलं.

आमचं साहाय्य केंद्र चपलांच्या दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या, चार टेबलं, आणि जिन्यातून सतत वर येणारा चपला चिकटवायच्या सोल्युशनचा वास. लोकांना सरकारी भत्ते मिळवून द्यायला मदत करायची, एवढंच आमचं काम. मी दोन महिने नुसत्या फायली लावत होते. आता अपंग मुलांच्या भत्त्याचे सगळे अर्ज माझ्याकडे. केंद्र चालवणाऱ्या बाई फार बोलत नाहीत. पुस्तिका पुढे सरकवून म्हणाल्या, "पाठ कर. अर्थ हळूहळू कळेल."

संध्याकाळपर्यंत पाठ झाली. वयाचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. चालता न येणाऱ्या मुलाला तीन वर्षं पूर्ण झाली की भत्ता सुरू होतो. पण अर्ज तीन महिने आधी घेतात, म्हणजे वाढदिवसापर्यंत निर्णय हातात यावा. हे कुणालाच माहीत नसतं. आईबाप वाढदिवस होऊन गेल्यावर येतात आणि मधले महिने वाया जातात. मागचं काही मिळत नाही. बाई म्हणाल्या, "लोकांना वाटतं वय पूर्ण झाल्याशिवाय सरकारी दाराशी जाणं म्हणजे आगाऊपणा."

मी हे बदलणार. घरी बाबांना सांगितलं. ते भिंती रंगवायचे ब्रश धूत होते. म्हणाले, "साहेब, आधी जेवून घ्या. मग जग बदला."

१५ मे

खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेले होते. दीड वर्षापूर्वी त्या राहायला आल्या. दुकानांसाठी पडदे शिवतात. दादा मालवाहू ट्रक चालवतात, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यांची मुलगी मनी. मनीचे पाय तिचं ऐकत नाहीत. बसते, हातांवर सरपटत घरभर फिरते, पण उभी राहत नाही. जीभ मात्र दोघींच्या वाटची. मला बघून म्हणाली, "आज उशीर झाला तुला. बस चुकली का?"

सव्वादोन वर्षांची मुलगी असं बोलते. जानेवारीत तिच्या दुसऱ्या वाढदिवसालाही तिने मला विचारलं होतं की तू केक आणला नाहीस तर खातेस कशी.

मी नियम सांगायला लागले तशा वहिनींनी मशीन थांबवलं.

"तीन पूर्ण लागतात?"

"पूर्ण. पण अर्ज तीन महिने आधी घेतात."

"म्हणजे पावणेतीनला."

"हो. आणि अर्जाची पोच मिळाली की बालशाळेच्या यादीत नाव घालता येतं." मी शाळेचं सांगितलं. अशाच मुलांची शाळा आहे. गाडी दारापासून नेते, रोज पायांचे व्यायाम होतात. नवीन मुलं वर्षातून एकदाच घेतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनींना स्पष्ट सांगितलंय, पाय आता वळतील तसे पुढच्या वर्षी वळणार नाहीत.

"यादी कधी बंद होते?"

"तीस जूनला. पण मनी जानेवारीची ना. तिचा अर्ज ऑक्टोबरच्या आधी कुणी घेणारच नाही. या वर्षीची शाळा हुकली, वहिनी."

वहिनींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग "हं" म्हणून परत मशीनवर बसल्या. थोड्या वेळाने बघते तर पडद्याची उलटी बाजू शिवून ठेवलेली. मुकाट्याने उसवत बसल्या.

नियम त्यांना नीट कळला नसावा. मला सोप्या भाषेत सांगायला शिकलं पाहिजे.

१९ मे

चार दिवस डोक्यात तेच आहे. चार-सहा महिन्यांनी लहान म्हणून एका मुलीचे पाय कायमचे तसेच राहायचे? नियम माणसांसाठी असतो की माणसं नियमासाठी? मी ठरवलंय, मनीसाठी वयाची अट शिथिल करा असं निवेदन द्यायचं.

बाईंना सांगितलं. त्या चष्मा पुसत होत्या.

"नियम वयावर चालतो. तुझ्या भाषेवर नाही."

"पण अन्याय आहे, बाई."

"असेल. जन्माचा दाखला बघितलास?"

"शेजारीण आहे माझी. मुलीच्या वाढदिवसाचा केक मी स्वतः खाल्लाय."

बाई म्हणाल्या, "बरं." त्यांचं "बरं" मला अजून नीट कळत नाही. होकार असतो की कंटाळा?

२७ मे

निवेदनाचा चौथा खर्डा. वहिनींकडे कागद मागितले तर म्हणाल्या सासरी पेटीत आहेत. दवाखान्याची फाईल मागितली तर ती म्हणे दवाखान्यातच राहते. दादांना फोन करून विचारते म्हटलं, तर, "नको, ते गाडी चालवत असतात."

इथे खरं ते लिहिणार म्हणून लिहिते: मला वहिनींचा राग येतो. मी जिवाचं रान करतेय आणि ज्यांच्या मुलीचा प्रश्न आहे त्या बाईला काही पडलेलंच नाही. कॉलेजात आम्हाला सांगायचे की गरजू माणूसच मदत नाकारतो. तेव्हा पटायचं नाही.

मनी आज कपड्यांचे चिमटे मोजत होती. अठरापर्यंत न चुकता. मी निवेदनात एक वाक्य घातलं: "सदर बालिकेची बुद्धी वयाच्या मानाने असामान्य आहे."

३ जून

बाईंनी ते वाक्य खोडलं. "सरकारला पाय दाखव. डोकं झाकून ठेव."

सह्या गोळा केल्या. आख्खी इमारत फिरले. वरच्या मजल्यावरच्या आजींपासून सुरुवात केली. त्यांनी चष्मा लावून "दोन वर्षे पाच महिने" ही ओळ बोट ठेवून वाचली, माझ्याकडे बघितलं, परत वाचली आणि सही केली. निवृत्त पोस्टमनकाका काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात काकूंनी त्यांना कोपर मारलं. "करा की हो सही. शिकलेली मुलगी आहे, तिला कळतं." काकांनी केली. सगळ्यांनीच केली, कुणी एक प्रश्न विचारला नाही. आपल्या माणसांत एवढी माणुसकी आहे हे मला माहीत नव्हतं.

वहिनींना सह्यांचा कागद दाखवला. त्यांनी एकेक नाव वाचलं. "आजींनीपण केली?"

"सगळ्यात आधी."

वहिनी खाली बसल्या. भारावल्या असाव्यात.

पुढच्या गुरुवारी भत्त्याच्या कार्यालयात मोठ्या साहेबांची खुली भेट असते. वहिनी आणि मनीला घेऊन जाणार.

१२ जून

काय घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर रागात काहीतरीच लिहीन.

सकाळी आम्ही तिघी टायरच्या दुकानासमोरच्या थांब्यावर उभ्या. मनीला नवा झगा. वहिनींच्या कडेवर ती आता मावत नाही, पाय वहिनींच्या गुडघ्यांपर्यंत लोंबतात. मी तयारी करून घेत होते.

"साहेब विचारतील, वय किती? तुम्ही म्हणायचं, दोन वर्षं पाच महिने. बाकी मी बोलते. म्हणा बघू एकदा."

वहिनी म्हणेनात.

"वहिनी, म्हणा ना."

बस आली. मी चढले, हात पुढे केला. वहिनी खालीच. मी उतरले. कंडक्टर म्हणाला, "ताई, चढायचं की उतरायचं, एक काय ते ठरवा." आणि बस निघाली.

"मनी जानेवारीची नाहीये," वहिनी म्हणाल्या. "जुलैची आहे. पुढच्या महिन्यात तीन पूर्ण होतील."

"पण जानेवारीत वाढदिवस..."

"तो इथला."

त्या रस्त्याकडे बघत बोलत राहिल्या. "आम्ही सामान चढवत होतो. जिन्यात आजी भेटल्या. केवढी आहे गं, म्हणाल्या. ही तेव्हा सव्वा वर्षाची, नुकती कुठे बसायला लागलेली. आधीच्या घरी सव्वा वर्षाची म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, चालते का? म्हणून तोंडातून निघून गेलं, नऊ महिन्यांची. आजी म्हणाल्या, वा, छान बसते की." वहिनींनी मनीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तोवर तिला कुणी छान म्हटलं नव्हतं."

"मग नंतर तरी सांगायचं."

"कधी? जानेवारीत सगळे विचारायला लागले, पहिला वाढदिवस कधी. केला. यांना म्हटलं गप्प राहा. वाटलं, चालायला लागेल तोवर भरून निघेल. सगळे तिचं वय मोजतात, मी तिला थोडा वेळ देत होते."

यावर मी काय म्हटलं? म्हटलं, "अहो, सबंध इमारतीच्या सह्या घेतल्यात मी. आता कुठल्या तोंडाने बोलू? आणि ही मुलगी आज यादीत असती. तुम्ही स्वतः तिचे दोन महिने घालवलेत."

हे मी भर रस्त्यात, मोठ्याने म्हटलं. मनी म्हणाली, "बस गेली." वहिनी वळल्या आणि घराकडे चालायला लागल्या.

माझंच बरोबर होतं. प्रत्येक वाक्य बरोबर होतं.

१३ जून

आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"शंका होती. दीड वर्षापूर्वी ती आली तेव्हाच दाढा फुटत होत्या पोरीला. सगळ्यांनाच शंका होती."

"आणि तरी सह्या केल्यात?"

"आम्हाला वाटलं तुला माहीत आहे. तुझ्या ऑफिसातली काहीतरी युक्ती असेल. कमी वय लिहिलं की जास्त मिळत असेल, कुणाला ठाऊक. तू शिकलेली, आम्ही मध्ये कशाला बोलू?"

बाबा म्हणाले, "मी तर वाचलंच नाही. तुझं अक्षर बघून सही ठोकली."

घरात पहिल्यांदा कुणीतरी पदवी घेतली, त्याचा उपयोग हा झाला. मला प्रश्न विचारायला माणसं कचरायला लागली.

१६ जून

नोकरी जाईल या तयारीनेच बाईंना सगळं सांगितलं.

"निवेदन पोचलं का साहेबांकडे?"

"नाही. बस गेली."

"त्या बसवाल्याचे उपकार मान." मग थोडं थांबून, "केकवर तारीख नव्हती का?"

मी मान खाली घातली. बाई हसल्या नाहीत, एवढं बरं. म्हणाल्या, "मुलीची मुदत एप्रिलमध्येच उघडली. अजून उघडी आहे. अट शिथिल करायची काही गरजच नव्हती, नियम तिच्या बाजूनेच उभा होता. जन्माचा दाखला आण, तीस तारखेच्या आत पोच घे. आणि शेजारणीला काही सुनावलं असशील तर परत घेऊन ये."

"बोललेलं परत कसं घेणार?"

"ते पुस्तिकेत नाही."

१८ जून

तीन दिवस वहिनींचं दार बंद. आत मशीन चालू असतं, टकटक केलं की थांबतं.

आज दाराखालच्या फटीतून मनीचा आवाज आला. "आई म्हणते, आम्ही घरी नाही."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मी पायरीवर बसले. मोठं भाषण तयार केलं होतं, त्यात "क्षमा" हा शब्द तीनदा होता. ते काही बोलवेना. एवढंच म्हटलं, "मनी, आईला सांग, मुदत अजून चालू आहे. आणि सांग, ती ताई त्या दिवशी रस्त्यात फार ओरडली."

आतून मनी म्हणाली, "हो, ओरडलीस."

दार उघडलं नाही. मशीनही परत सुरू झालं नाही.

२० जून

केंद्रातून आले तर वहिनी जिन्यात उभ्या. इकडचं-तिकडचं काही न बोलता विचारलं, "ती शाळेची यादी लागते कुठे?"

"शाळेच्या फाटकावर. फळ्यावर."

"नावापुढे काय लिहितात?"

"जन्मतारीख."

शाळेचं फाटक आमच्या रस्त्यावरच आहे. पोस्टमनकाका रोज तिथून फिरायला जातात. वहिनींना हे माझ्याआधी सुचलेलं होतं. मला वाटलं आता सांगावं की लोकांना सगळं माहीतच आहे, कुणी काही म्हणणार नाही. मग वाटलं, ते सांगणं माझं काम नाही. निदान एकदा तरी मी न बोलता उभी राहिले.

"लागू दे," वहिनी म्हणाल्या. "यांना फोन केलाय. येताना वाकडी वाट करून आईकडे जातील, दाखला घेऊन येतील. पण सासूबाई विचारतील, कशाला हवा."

"मग?"

"मग खरं ते सांगतील. मी म्हटलं यांना, या वेळी गप्प राहू नका."

२५ जून

दादा काल रात्रभर गाडी चालवून आले. दाखला शर्टाच्या आतल्या खिशात, घामाने मऊ झालेला. माझ्या हातात देताना म्हणाले, "तारीख खरी आहे. मी होतो तिथे." त्यांचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी केंद्रात अर्ज भरायला बसलो. मी टेबलाच्या या बाजूला, वहिनी त्या बाजूला. मनी खाली बसून कागदांना भोकं पाडायच्या यंत्राशी खेळत होती. एकेक प्रश्न विचारत गेले. जेवण, अंघोळ, कपडे. वहिनी भराभर उत्तरं देत होत्या.

"मूल आधाराशिवाय चालतं का?"

"अजून नाही."

"वहिनी, इथे हो किंवा नाही, एवढंच आहे."

त्यांनी खाली मनीकडे बघितलं. खालून खट्, खट् असा आवाज येत होता. बाई त्यांच्या टेबलावरून बघत होत्या, पण मध्ये पडल्या नाहीत. मला पुढचा प्रश्न आधी घेता आला असता, ते तेव्हा सुचलं नाही.

"तू लिही," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही सांगितल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

शेवटी त्या म्हणाल्या, "नाही." मनीने मान वर करून बघितलं. "काय नाही?"

"काही नाही. तू खेळ."

मी "नाही" लिहिलं. पुढे थोडी जागा होती. तिथे "अजून" लिहावंसं फार वाटलं. बाई म्हणतात, जिथे विचारलेलं नाही तिथे लिहू नये. लिहिलं नाही. चूक केली की बरोबर, मला अजून ठरवता येत नाही.

पोच मिळाली. शाळेत नाव दिलं.

५ जुलै

यादी लागली. मनीचं नाव आहे. पुढे जन्मतारीखही आहे, काळ्या शाईत, ठसठशीत.

भत्त्याचा निर्णय यायचाय. तपासणीला घरी माणूस येऊन गेला. मनीने त्याला विचारलं, तुम्हाला चालता येतं का? तो म्हणाला, येतं. ती म्हणाली, मग उभे का आहात, चाला. मी मनात म्हटलं, हे अर्जात कुठे लिहायचं?

पोस्टमनकाका फिरून आले. जिन्यात भेटले तेव्हा फक्त "नाव दिसलं हो पोरीचं, छान झालं" एवढं म्हणाले.

९ जुलै

काल वहिनी प्रत्येक दाराशी स्वतः जाऊन आल्या. मनीला कडेवर घेऊन. "उद्या मनीचा तिसरा वाढदिवस आहे, या." आमच्या दारातही असंच म्हणाल्या, नजर न चुकवता. आई म्हणाली, "येणारच की. काही करायला मदत हवी का?"

मला दिवसभर काळजी. दुसरा वाढदिवस होऊन सहा महिने नाही झाले. कुणी आलंच नाही तर? त्याहून वाईट म्हणजे आले आणि एकमेकांकडे बघून हसले तर? मी मनात एक छोटंसं स्पष्टीकरण तयार केलं. चूक कशी झाली, का झाली, त्यात वहिनींचा काय विचार होता. कुणी विचारलं तर नीट सांगता यावं.

सगळे आले. पोस्टमनकाका इस्त्रीचा शर्ट घालून, काकू रंगीत खडू घेऊन. आजींनी विणलेले मोजे आणले होते. दादा दाराशी उभे, येईल त्याला "या, या" म्हणत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पडद्यांचे तागे बाजूला सारून बायका त्यांच्यावरच टेकल्या. मेणबत्त्या तीन. कुणी मोजल्या असतील तर तसं दाखवलं नाही.

फुंकर मारून झाल्यावर मनी म्हणाली, "मी तीन वर्षांची आहे. मी गाडीने शाळेत जाणार."

वहिनी केकवर सुरी धरून तशाच उभ्या. आजींनी मोजे मनीच्या पायांत चढवले, बोटांपासून टाचेपर्यंत नीट ओढले आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, "बघा. आत्ता आत्ता दोनची होती. पोरी कशा भराभर वाढतात."

"वाढतात खऱ्या," काकू म्हणाल्या.

"आमचीही अशीच वाढली," माझी आई म्हणाली.

मला वाटलं, आता सांगायची वेळ आहे. मी घसा साफ केला. आईने माझ्या हातात केकची बशी दिली आणि म्हणाली, "खा."